वेडाचे सोंग आणि शहाण्यांचे ढोंग

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या शोकांतिकेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखक निरनिराळ्या वयांचे असले, तरी सर्वांचे बोट नाटकातल्या एकाच गाठीवर आहे : यातले वेड खरे किती, पांघरलेले किती, आणि त्याच्या आडून कोण कोणाला फसवतो? नाटक वाचून बरीच वर्षे झालेल्यांसाठी कथानकाची थोडी आठवण करून देतो. डेन्मार्कचा राजा अचानक मरण पावतो आणि महिनाभरातच त्याची राणी गर्ट्रूड आपल्या दिराशी, म्हणजे नवा राजा क्लॉडियस याच्याशी, विवाह करते. मृत राजाचे भूत राजपुत्र हॅम्लेटला भेटून सांगते की, बागेत झोपलो असताना क्लॉडियसने कानात विष ओतून माझा खून केला. सूडाचे वचन देऊन हॅम्लेट वेड पांघरतो. पुढे मंत्री पोलोनियस त्याच्या हातून मारला जातो. पोलोनियसची मुलगी ऑफीलिया, जिच्यावर हॅम्लेटचे प्रेम होते, ती खरोखरच भ्रमिष्ट होते आणि बुडून मरते. आणि तिचा भाऊ लेअर्टीझ याच्याशी झालेल्या द्वंद्वात विषारी तलवार व विषाचा पेला मिळून सगळे राजघराणे संपवतात.

प्रश्न : हॅम्लेट खरोखर वेडा झाला होता की त्याने वेडाचे सोंग घेतले होते? परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि प्रत्येक मार्गदर्शिकेत त्याचे उत्तर वेगळे असते. आपले स्पष्ट मत काय? — एक विद्यार्थिनी

उत्तर : आपण स्पष्ट मत विचारले आहे, म्हणून आधी तेच सांगतो. हॅम्लेटचे वेड हे सोंग होते. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात, भूत दिसेनासे झाल्यावर, तो आपला मित्र होरेशियो आणि पहारेकरी मार्सेलस यांना तलवारीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो आणि बजावतो की, यापुढे मला कदाचित विक्षिप्त वागणे सोयीचे वाटेल. मी कितीही विचित्र वागलो, तरी तुम्ही मान हलवून किंवा सूचक बोलून ‘आम्हांला कारण ठाऊक आहे’ असे दाखवू नका. ज्याला पुढे वेड लागणार आहे तो असा आगाऊ बंदोबस्त करून ठेवत नाही. तिसऱ्या अंकात, आईच्या महालात, तो तिला सांगतो की, माझी नाडी तुझ्या नाडीइतकीच संथ चालते आहे. मी जे बोललो ते शब्द बदलून पुन्हा सांगायला लाव, वेडा माणूस तेथे भरकटेल, मी भरकटणार नाही. त्याच दृश्यात त्याने आपण वेडे नसून धूर्तपणाने वेडे झालो आहोत, अशी स्वच्छ कबुलीही दिलेली आहे. होरेशियोबरोबर असताना किंवा एकटा असताना त्याचे एक वाक्यही वेड्याचे नाही.

याहून मोठा साक्षीदार म्हणजे क्लॉडियस. तो या नाटकातला सर्वांत सावध श्रोता आहे, कारण त्याला लपवायचे आहे. ऑफीलियाशी हॅम्लेटचे झालेले कठोर बोलणे पडद्याआडून ऐकल्यावर पोलोनियस अजून प्रेमभंगाचीच कथा सांगत असतो. क्लॉडियस मात्र लगेच ओळखतो की, हे प्रेम नव्हे, आणि बोलणे थोडे विस्कळीत असले, तरी ते वेड्याचेही नव्हते. गुन्हेगाराचा कान येथे पंडिताच्या कानापेक्षा तिखट ठरतो.

पण एवढ्यावर थांबलो, तर उत्तर खरे असूनही अपुरे राहील. सोंग खोटे असले, तरी त्याच्या आत असलेले दुःख खोटे नाही. भुताची भेट होण्याच्याही आधी, दुसऱ्याच प्रवेशात, हा तरुण आपले शरीर वितळून जावे असे म्हणतो आणि हे जग त्याला तण माजलेल्या बागेसारखे वाटते. शेक्सपिअरच्या काळात अशा अवस्थेला एक वैद्यकीय नाव होते. शरीरातील चार रसांपैकी काळे पित्त वाढले की माणूस विषण्ण, संशयी आणि निष्क्रिय होतो, अशी तेव्हाची समजूत होती. टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६ मध्ये या विषण्णतेवर एक स्वतंत्र ग्रंथच इंग्रजीत लिहिला होता. हॅम्लेटला स्वतःलाही ही भीती आहे. आपण पाहिलेले भूत कदाचित सैतान असेल आणि आपल्या खचलेल्या, विषण्ण मनाचा फायदा घेऊन तो आपल्याला नरकात ढकलत असेल, असे तो दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हणतो. म्हणजे आपल्या मनावर आपला पूर्ण ताबा नाही, हे त्याला कळते. आगरकरांनी १८८३ मध्ये या नाटकाचे मराठी रूप प्रसिद्ध केले तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. मराठीत ‘विकार’ या शब्दात मनातली प्रबळ भावनाही येते आणि रोगही येतो, आणि हॅम्लेट नेमका या दोन अर्थांच्या मधल्या पट्टीत उभा आहे. परीक्षेच्या उत्तरात ‘थोडे खरे, थोडे खोटे’ असे मोघम लिहू नये. सोंग कोणते आणि विषण्णता कोणती, ते प्रवेशागणिक वेगळे दाखवावे. फक्त एका ठिकाणी मात्र ते दाखवता येत नाही. ऑफीलियाच्या खोलीत तो अस्ताव्यस्त कपड्यांत, पांढऱ्याफटक चेहऱ्याने शिरला, तिचे मनगट धरून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि एक खोल उसासा टाकून निघून गेला, हा प्रसंग रंगमंचावर घडतच नाही. ऑफीलिया तो घाबऱ्याघुबऱ्या वडिलांना सांगते, तेवढाच आपल्याला कळतो. तेथे सोंग संपून माणूस कोठे सुरू झाला, हे नाटककाराने जाणूनबुजून झाकून ठेवले आहे, असे मला वाटते.

प्रश्न : वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला निदान पेडगाव तरी गाठायचे असते. हॅम्लेटला या सोंगाचा उपयोग काय झाला? उलट त्यामुळेच राजाला संशय आला. ही कथानकातली चूक मानावी का? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपली शंका जुनी आणि सन्मान्य आहे. इंग्रज समीक्षक डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या १७६५ च्या आपल्या आवृत्तीत हाच आक्षेप घेतला होता : या खोट्या वेडाला पुरेसे कारण दिसत नाही, कारण शहाणा म्हणून वावरत असताना जे करता आले नसते, असे हॅम्लेट वेडाच्या आधाराने काहीच करत नाही. कथानकापुरते पाहिले, तर त्यांचे म्हणणे खोडता येत नाही.

ही अडचण आली कोठून, ते मूळ कथेत पाहिले की समजते. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने सुमारे १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये आपल्या देशाचा जो इतिहास लिहिला, त्यात आम्लेथ नावाच्या राजपुत्राची कथा आहे. बेलफोरे या लेखकाने १५७० मध्ये ती फ्रेंचमध्ये आणली. त्या कथेत काकाने केलेला खून उघड आहे. भावाला मारून, त्याच्या विधवेशी लग्न करून हा काका, फेंग, सत्तेवर बसलेला आहे, आणि मुलगा शहाणा निघाला, तर तो सूड घेईल हे सर्वांना कळते. अशा वेळी वेडे दिसणे हाच आम्लेथच्या जिवाचा एकमेव बचाव आहे. तो अंगाला घाण फासून चुलीपाशी लोळतो, लाकडाच्या आकड्या तासून विस्तवावर टणक करत बसतो, आणि हे काय चालले आहे असे विचारल्यावर सांगतो की, वडिलांच्या सुडासाठी टोकदार भाले करतो आहे. लोक हसतात. पुढे त्याच आकड्यांनी तो दारूने धुंद झालेल्या दरबाऱ्यांना भिंतीवरच्या पडद्यांखाली जखडतो आणि वाड्याला आग लावतो.

शेक्सपिअरने खून गुप्त केला आणि सोंगाच्या पायाखालची ही वीट काढून घेतली. हॅम्लेटला खुनाची माहिती आहे, हे क्लॉडियसला ठाऊक नाही. गप्प राहिला असता, तर हॅम्लेट सर्वांत सुरक्षित होता. मग सोंग का ठेवले? माझे उत्तर पहिल्या अंकातल्या एका ओळीत आहे. भूत भेटण्याआधीच्या स्वगताचा शेवट हॅम्लेट असा करतो : काळजा, फुटून जा, कारण मला जीभ आवरलीच पाहिजे. आईच्या घाईच्या लग्नावर, राजाच्या मद्यपानावर, दरबाराच्या लाचारीवर त्याला एक अक्षरही बोलता येत नाही, कारण तो राजपुत्र आहे आणि शहाणा आहे. वेडाने त्याला सूड दिला नाही; त्याने त्याची जीभ मोकळी केली.

आता या वेड्याच्या तोंडची वाक्ये तपासून पाहा. पोलोनियसला तो मासेविक्या म्हणतो आणि तो नाकारतो तेव्हा म्हणतो, मग तू निदान तितका प्रामाणिक असतास तर बरे होते. जुने मित्र रोझेनक्रांट्झ आणि गिल्डेन्स्टर्न यांना डेन्मार्क हा तुरुंग आहे असे सांगतो, आणि पुढे त्यांतल्या एकाला स्पंज म्हणतो : राजाच्या कृपेचे पाणी शोषून घेणारा आणि राजाला गरज पडेल तेव्हा पिळला जाणारा. पोलोनियसचे प्रेत कोठे आहे असे राजा विचारतो तेव्हा तो सांगतो की, पोलोनियस जेवणावर आहे, पण तो जेथे जेवतो तेथे नव्हे, तर जेथे तो खाल्ला जातो तेथे. आणि राजाला खाणारे किडे माशाच्या आणि मासा भिकाऱ्याच्या पोटात जाऊन राजाची स्वारी भिकाऱ्याच्या आतड्यांतून कशी निघते, तेही समजावून देतो. ऐकायला हे सारे विक्षिप्त आहे आणि त्यात खोटे असे एकही विधान नाही. आम्लेथचाही हाच नेम होता. समुद्रकाठी फुटलेल्या जहाजाचे सुकाणू पाहून सोबती त्याला म्हणाले, केवढी मोठी सुरी ही! तो म्हणाला, मांसाचा तुकडाही तसाच प्रचंड असला पाहिजे; त्याच्या मनात सुकाणूने कापला जाणारा समुद्र होता. शेक्सपिअरने मूळ कथेतला सोंगाचा हेतू काढून टाकला, परंतु सोंगाची ही सत्यनिष्ठा मात्र जपली, आणि ही निवड मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

मराठीत आपण ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो, तरी ऐकणाऱ्याच्या कानाला त्यांतला फरक जाणवतो. सोंग खेळात येते, ते वठवायचे असते, आणि त्याच्या आडून खरी गोष्ट सांगता येते. ढोंगाचा एकच उद्देश असतो, तो म्हणजे खऱ्याला झाकणे. एल्सिनोरच्या किल्ल्यात, म्हणजे डेन्मार्कच्या या राजवाड्यात, वेडा ठरलेला माणूस सोंग घेऊन खरे बोलतो आणि शहाणे म्हणवणारे सारे ढोंग करतात. तिसऱ्या अंकात नटांकडून करून घेतलेला खुनाचा खेळ हेही त्याच जातीचे सोंग आहे : रंगमंचावरचा खोटा खून पाहून खरा खुनी ताडकन उठतो आणि दिवे मागतो. त्यानंतर थोड्याच वेळाने तोच क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो, हॅम्लेट त्याला पश्चात्तापदग्ध समजून तलवार म्यान करतो, आणि हॅम्लेट गेल्यावर राजा उठून कबूल करतो की, शब्द वर उडाले, मन खालीच राहिले. हॅम्लेटने उत्तम संधी गमावली ती एका ढोंगामुळे, आणि ते ढोंग राजाने हॅम्लेटसाठी केलेलेही नव्हते.

प्रश्न : ऑफीलियाबद्दल सर्व जण हळहळतात. पण हॅम्लेटने ‘तुझे वडील कोठे आहेत?’ असे विचारले तेव्हा तिनेही ‘घरी आहेत’ असे खोटेच सांगितले. मग फसवणुकीच्या खेळात तीही सामील नव्हती का? — एक वाचक

उत्तर : होय, सामील होती. ते नाकारून तिच्याविषयीची सहानुभूती वाढवण्याची गरज नाही. परंतु ते उत्तर तिच्या तोंडी कसे आले, हे पाहिल्यावाचून न्याय करता येणार नाही.

या किल्ल्यात पडद्याआडून ऐकणे ही राज्यकारभाराची रीतच आहे. पोलोनियस स्वतःच्या मुलावर पाळत ठेवण्यासाठी रेनाल्डो या नोकराला पॅरिसला पाठवतो आणि त्याला शिकवतो की, लेअर्टीझबद्दल थोड्या खोट्या बदनामीच्या गोष्टी सोड, म्हणजे खोट्याच्या आमिषाने खऱ्याचा मासा गळाला लागेल. स्वतःच्या मुलाशी जो असा वागतो, तो मुलीला काय देणार? त्याने आधी तिला हॅम्लेटची पत्रे नाकारायला लावले, मग त्याचे एक पत्र राजाला वाचून दाखवले, आणि शेवटी तिच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक देऊन तिला आमिष म्हणून उभे केले. राजा आणि बाप पडद्यामागे उभे असताना विचारलेल्या प्रश्नाला ती दुसरे कोणते उत्तर देऊ शकली असती, हे मला आजवर उमगलेले नाही. ते दोघे लपले आहेत हे हॅम्लेटला कळले होते की नाही, याविषयी संहितेत काहीच सूचना नाही. अनेक दिग्दर्शक त्या क्षणी पडदा हलवून दाखवतात आणि मग हॅम्लेटचा पुढचा संताप पडद्यामागच्या कानांसाठी होतो. तसे केले, तरी तो संताप झेलावा लागतो तो ऑफीलियालाच.

चौथ्या अंकातले तिचे वेड या पार्श्वभूमीवर पाहावे. वडील मारले गेले, तेही प्रियकराच्या हातून. त्यांचे दफन घाईघाईने, गुपचूप उरकले गेले. तसे करणे चुकले, असे क्लॉडियस स्वतःच म्हणतो. भाऊ दूर होता, हॅम्लेटची रवानगी इंग्लंडला झालेली होती. ती येते ती गाणी म्हणत : काही मृत माणसाची, ज्याच्या डोक्याशी हिरवळ आणि पायाशी दगड आहे, आणि एक फसवल्या गेलेल्या मुलीचे, जिला लग्नाचे वचन देऊन सोडून दिले गेले. बापाचा आणि भावाचा उपदेश मान खाली घालून ऐकणाऱ्या मुलीच्या तोंडून हे गाणे भर दरबारात बाहेर पडते, तेव्हा तिने आजवर काय काय गिळले होते ते कळते. मग ती फुले वाटते : आठवणीसाठी रोझमेरी, विचारासाठी पॅन्झी, आणि शोकाची व पश्चात्तापाची कडू रू ही वनस्पती, जी ती दुसऱ्याला देते आणि स्वतःसाठीही थोडी ठेवते. कोणते फूल कोणाला, हे संहितेत लिहिलेले नाही. नेमकी रू कोणाच्या हातात पडते, यावर प्रत्येक प्रयोगाचा अर्थ बदलतो. ती क्लॉडियसच्या हातात ठेवणारा प्रयोग आणि राणीच्या हातात ठेवणारा प्रयोग ही दोन निराळी नाटके होतात.

हॅम्लेटच्या वेडात पद्धत आहे, असे पोलोनियस म्हणाला होता. त्याच्या मुलीच्या वेडात पद्धत नाही, तरीही दरबाराला हिच्या वेडाची धास्ती वाटते. तिच्या बोलण्याला अर्थ नाही, पण ऐकणारे त्याचे तुकडे आपापल्या विचारांप्रमाणे जोडतात, अशी वार्ता राणीला आधीच दिली गेलेली असते. लेअर्टीझ तर तिचे ऐकून म्हणतो की, हा निरर्थकपणा अर्थाहून अधिक सांगतो. खऱ्या वेडाच्या आड कोणी उभे नसते. हॅम्लेट आईच्या महालात आपले सोंग उतरवून ठेवू शकला. ऑफीलियाला उतरवून ठेवायला काही नव्हते. तिच्यासमोर हॅम्लेटचे चातुर्य एकाएकी फार स्वस्त वाटू लागते, आणि शेक्सपिअरने हे दोन वेड एकाच नाटकात शेजारी ठेवले ते यासाठीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिच्या मृत्यूवरही ढोंगाची छाया पडतेच. ती फांदी मोडून ओढ्यात पडली, असे राणी सांगते. थडगे खणणारे म्हणतात की, ती मोठ्या घरची नसती, तर तिला पवित्र भूमीत जागा मिळाली नसती. आणि धर्मगुरू मृत्यू संशयास्पद म्हणून विधी तोकडे करतो. जाणूनबुजून केलेली आत्महत्या त्या काळी गुन्हा आणि पाप मानली जात होती, वेडाच्या भरात ओढवलेले मरण तसे मानले जात नसे. म्हणजे तिचे वेड खरे होते की नाही, याचा निकाल शेवटी तिच्या थडग्यापाशी, तिच्या मागे, इतर लोक लावतात.

प्रश्न : गर्ट्रूडला हॅम्लेटचे वेड खरे वाटत होते का? महालातील प्रवेशानंतर ती राजाला ‘तो वेडा झाला आहे’ असे सांगते, ते मुलाला वाचवण्यासाठी की मनापासून? — एक वाचक

उत्तर : येथे कोणती छापील प्रत हाती आहे, यावर बरेच अवलंबून राहते. १६०३ च्या पहिल्या, तोकड्या प्रतीत राणी शपथ घेऊन सांगते की, तिला खुनाची मुळीच कल्पना नव्हती, आणि मुलाला सुडात साह्य करण्याचे वचनही देते; त्या प्रतीत शंकेला फारशी जागा राहत नाही. १६०४-०५ ची विस्तृत प्रत आणि शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह यांत हे वचन नाही. तेथे ती एवढेच कबूल करते की, तू जे सांगितलेस ते माझ्या श्वासातूनही बाहेर पडणार नाही. लगेच पुढच्या प्रवेशात ती राजाला सांगते की, वारा आणि समुद्र यांची झुंज लागावी तसा तो वेडा झाला आहे. मला हे आईचे खोटे वाटते, आणि एल्सिनोरमधले प्रेमापोटी बोललेले हे जवळजवळ एकमेव खोटे असावे. मात्र एक गोष्ट विसरू नये : हॅम्लेटला महालात पुन्हा दिसलेले भूत तिला दिसले नव्हते. मुलगा रिकाम्या हवेशी बोलताना तिने प्रत्यक्ष पाहिला होता. तेव्हा ती बोलते ते खोटे, तिला स्वतःलाही पूर्णपणे खोटे वाटत नसेल.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी हॅम्लेटची भूमिका करतो आहे. शेवटच्या प्रवेशात तो लेअर्टीझची क्षमा मागताना ‘तुझा अपराध मी केला नाही, माझ्या वेडाने केला’ असे म्हणतो. हे मनापासून म्हणायचे की खोटे म्हणून? आमच्या तालमीत यावर एकमत होत नाही. — एक नट

उत्तर : एकमत होत नाही, याचा मला आनंद वाटतो, कारण संपूर्ण भूमिकेतली सर्वांत अवघड जागा आपण बरोबर हेरली आहे. या भाषणाचा जॉन्सननाही त्रास झाला होता. हॅम्लेटसारख्या शूर आणि भल्या माणसाने असत्याचा आश्रय न घेता दुसरा काही बचाव करायला हवा होता, असे त्यांनी लिहिले आहे.

वस्तुस्थिती त्यांच्या बाजूची आहे. पोलोनियसला भोसकल्यावर काही मिनिटांतच हॅम्लेटने आईला बजावले होते की, मी वेडा नाही. आता तोच खून तो वेडाच्या खात्यावर टाकतो. इतका वेळ त्याने सोंगाच्या आडून खरेच सांगितले. येथे प्रथमच त्याचे सोंग ढोंग होते. दरबाराला मान्य असलेला खुलासाही तोच आहे. आदल्या प्रवेशात, ऑफीलियाच्या थडग्यात हॅम्लेट आणि लेअर्टीझ एकमेकांच्या अंगावर धावून गेले तेव्हा राजा आणि राणी दोघांनीही ‘तो वेडा आहे’ असेच सर्वांना सांगितले होते. शिवाय १६०४-०५ च्या प्रतीत, द्वंद्वापूर्वी लेअर्टीझशी गोडीने वाग, असा राणीचा निरोप येतो. तेव्हा येथे बोलतो तो काही अंशी शिष्टाचार पाळणारा राजपुत्र आहे.

तरीही हे भाषण धूर्तपणे म्हटले, तर ते मरेल, असे मला वाटते. एक शब्द मोजून पाहा. या थोड्याशा ओळींत हॅम्लेट स्वतःचे नाव सात वेळा घेतो, जणू तो कोणा तिसऱ्याविषयी बोलत आहे : हॅम्लेटने अपराध केला का, हॅम्लेटने नाही, हॅम्लेट ते नाकारतो, वेड हे बिचाऱ्या हॅम्लेटचे शत्रू आहे. जो माणूस इतके दिवस आपण कोण आहोत हे सर्वांपासून लपवत आला, त्याला आता ते स्वतःलाही नीट सांगता येत नाही. विषण्णतेने आपल्याकडून काय करवले आणि आपण जाणून काय केले, याची सीमा त्याच्याच मनात पुसट झालेली असेल, असे समजून ती वाक्ये म्हणून पाहा. स्वतःला पटवू पाहणारा माणूस खोटे बोलत असला, तरी त्याचा आवाज खोट्याचा नसतो. आणि सात वेळा स्वतःचे नाव घेणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी ऑफीलियाचे नाव एकदाही येत नाही, हेही नटाच्या लक्षात असावे. ते नाव ओठांपर्यंत येऊन परत गेले आहे, असा एक थांबा आपल्याला तेथे सापडू शकेल.

आपल्या समोरच्या नटालाही एक सूचना. लेअर्टीझ या क्षमायाचनेला उत्तर देतो की, तुझे प्रेम मी प्रेम म्हणूनच घेतो आणि त्याला बट्टा लावणार नाही. हे म्हणत असताना त्याने भोंदू वैद्याकडून विकत घेतलेले विष आपल्या तलवारीला लावायचे आधीच ठरवलेले आहे. म्हणजे दोघेही हात पुढे करून असत्य बोलतात, आणि त्यांत लेअर्टीझचे असत्य जास्त निखालस आहे. या दोघांची खरी क्षमा त्यानंतर बऱ्याच ओळींनी येते, जेव्हा दोघांच्याही अंगात तेच विष भिनलेले असते. लेअर्टीझ म्हणतो की, माझे आणि माझ्या वडिलांचे मरण तुझ्या माथी नाही आणि तुझे माझ्या माथी नाही. हॅम्लेट उत्तर देतो की, परमेश्वर तुला त्यातून मुक्त करो. या दुसऱ्या संवादात वेडाचा उल्लेखही येत नाही. तालमीत आधी हा बसवा, आणि त्यानंतर मागे जाऊन पहिल्या भाषणाकडे या.